इगतपुरी : जुन्या नकाशांत आणि दप्तरांत

गावाचा इतिहास म्हटला म्हणजे एखादे पुरातन देवालय, पडका वाडा, नदीवरचा घाट, नाही तर पिढ्यान्पिढ्या जपलेली एखादी सनद आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पैठण, नाशिक, वाई, पंढरपूर या क्षेत्रांना माहात्म्ये आहेत, बखरींत त्यांचे उल्लेख आहेत, क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांत यजमानांच्या सातसात पिढ्या नोंदलेल्या आहेत. परंतु गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत आपल्या देशात एका निराळ्याच जातीची गावे उदयास आली. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डूवाडी, इगतपुरी ही त्यांतली काही नावे. यांचे थोरपण कोणा राजाच्या किंवा संताच्या पुण्याईने आलेले नसून लोखंडी रुळांनी आणलेले आहे. त्यांचे माहात्म्य कोणी रचले नाही. म्हणून त्यांना इतिहासच नाही, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो.

आमचे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या गावास आगगाडीने आकार दिला, त्याच्या वाढीचे प्रत्येक पाऊल कोठे ना कोठे कागदावर उमटलेले असते. मोजणीचे नकाशे, चढ-उताराचे आराखडे, जमीन घेतल्याच्या याद्या, वेळापत्रके, खानेसुमारीचे तक्ते असा हा पसारा आहे. तो कसा वाचावा आणि त्यातून काय हाती लागते, हे एका उदाहरणाने दाखवावे, या हेतूने आम्ही इगतपुरीची निवड केली आहे. मुंबईहून नाशिकास किंवा वऱ्हाडात जाताना या स्टेशनावर उतरून वाफाळलेला चहा घेतला नाही असे कुटुंब महाराष्ट्रात विरळाच सापडेल. आणि तरीही हे गाव येथेच का झाले, असा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात आला असेल.

आगगाडीपूर्वीचा हा मुलूख ओसाड होता असे मात्र कोणी समजू नये. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा डांगी प्रदेश महादेव कोळी, ठाकूर आदी लोकांचा. जवळच त्रिंगलवाडीचा किल्ला असून त्याच्या पायथ्याशी जैन लेणे आहे. अलीकडे कावनईचा किल्ला आहे. कोकणातून देशावर चढणारी वाट थळ घाटाने येथेच माथा गाठीत असे, आणि माथ्यावर घाटनदेवीचे स्थान आहे. घाट चढून आलेल्या वाटसरूने प्रथम देवीपुढे हात जोडावे, ही आपली जुनी रीत. सरकारी गॅझेटियरांत इगतपुरीचे मूळ नाव ‘विगतपुरी’ असे देऊन त्याचा अर्थ ‘अडचणींचे गाव’ असा सांगितलेला आहे. संस्कृतात ‘विगत’ म्हणजे गेलेले. तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती कितपत टिकेल याचा विचार वाचकांनीच करावा. पण घाटाच्या अडचणीशी गावाचे नाव जोडावे असे लिहिणाऱ्यास वाटले, एवढी गोष्ट त्यावरून खास दिसते.

आता पहिला नकाशा पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला तो १८४९ साली. करार असा की, सरकारने जमीन फुकट द्यावी आणि भागीदारांच्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी घ्यावी. जॉन चॅपमन हा या कंपनीचा मुख्य प्रवर्तक. देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांत सत्वर पोचावा, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडाकडे जाणाऱ्या या मार्गाचे महत्त्व शतगुणित झाले.

सह्याद्री ओलांडावयाचा तो कोठून, हा खरा प्रश्न होता. कंपनीच्या आरंभीच्या योजनेत रुळांची वाट माळशेज घाटाने वर चढविण्याचा बेत होता. १८५० मध्ये मुख्य इंजिनिअर म्हणून जेम्स जॉन बर्कले येथे आला. त्याने डोंगरांची पुन्हा कसून पाहणी करविली आणि माळशेज सोडून, ईशान्येकडच्या मार्गास थळ घाट व आग्नेयेकडच्या मार्गास बोरघाट अशा दोन वाटा पसंत केल्या. एका आराखड्यावरची रेघ पुसून दुसऱ्या आराखड्यावर ती कित्येक मैल उत्तरेस ओढली गेली, आणि तेवढ्यावर कित्येक गावांचे दैव ठरून गेले. पहिली रेघ कायम राहिली असती, तर आजच्या इगतपुरीचे स्टेशन, एंजिनशेड, चाळी, बाजार यांतले काहीही त्या जागी झाले नसते. खुद्द बर्कले १८६२ साली वारला. आपण निवडलेल्या दोहोंपैकी एकाही घाटातून गाडी चढताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

ही कागदपत्रे धुंडाळणाऱ्याने दोन अडचणी प्रथमच ध्यानात घ्याव्या. पहिली अडचण नावांची. त्या काळच्या इंग्रजांनी ऐकू आले तसे नाव लिहिले. त्यांच्या लेखी इगतपुरी म्हणजे ‘एगुतपूरा’, ठाणे म्हणजे ‘टाना’, कल्याण म्हणजे ‘कॅलियन’ आणि थळ घाट म्हणजे ‘थूल घाट’. आजच्या स्पेलिंगाने सूची पाहणारा मनुष्य अशा वेळी रिकाम्या हाताने परतावयाचा. दुसरी अडचण जिल्ह्याची. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ साली. तत्पूर्वी या भागाचा बराचसा कारभार अहमदनगरच्या कलेक्टराकडे असे. म्हणजे इगतपुरीची गाडी सुरू झाली त्या वर्षीचे कागद नाशिकच्या नावाने शोधून भागत नाही, नगरच्या दप्तराकडे वळावे लागते. गाव जेथल्या तेथे राहते, पण त्याचे दप्तर कचेऱ्यांबरोबर हिंडत असते.

आता तारखांकडे वळू. मुंबई ते ठाणे हा पहिला टप्पा १६ एप्रिल १८५३ रोजी खुला झाला. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणास आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदास पोचली. १ जानेवारी १८६१ रोजी ती घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्यास आली, आणि इगतपुरीचा माथा तिने गाठला तो १ जानेवारी १८६५ रोजी. मुंबईपासून कसारा सुमारे ७५ मैल. ते अंतर कापण्यास आठ वर्षेही लागली नाहीत. पुढच्या नऊ-साडेनऊ मैलांस मात्र चार वर्षे लोटली. या तारखा ओळीने मांडल्या म्हणजे डोंगर किती आडवा आला हे सांगावयास दुसरा साक्षीदार नको.

त्या नऊ मैलांचा एक विशेष प्रकारचा नकाशा असतो. त्यात डावी-उजवीकडे काय आहे ते दिसत नाही. फक्त चढ किती आणि उतार किती तेवढे दिसते. थळ घाटाच्या मूळ मार्गाची लांबी ९ मैल २६ साखळ्या, एकूण चढ ९७२ फूट आणि सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस १ फूट. वाटेत १३ बोगदे आणि दऱ्यांवरचे ६ मोठे कमानी पूल. त्यांपैकी एहेगावजवळच्या पुलाची उंची दरीच्या तळापासून १८० फुटांहून अधिक. मूळ मार्गावर मध्येच एक उलटफेरीचे स्टेशन होते. गाडी तेथे आंधळ्या टोकात शिरे, एंजिन सुटून दुसऱ्या बाजूस लागे, आणि मग गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. नागमोडी वळण घेण्यास डोंगराने जागाच न दिल्यामुळे इंजिनिअरांनी काढलेली ही युक्ती होती.

इगतपुरीच्या जन्माचे कारण या चढाच्या नकाशात आहे. सपाटीवर धावणारे एंजिन एवढा चढ एकट्याने चढू शकत नाही. त्यास घाटातली भारी, विशेष घडणीची एंजिने जोडावी लागतात. ती चढ संपताच सोडवून घ्यावी लागतात, उतरत्या गाडीचे ब्रेक माथ्यावरच तपासावे लागतात, एंजिनांस पाणी व कोळसा द्यावा लागतो. तेव्हा पायथ्याशी कसारा आणि माथ्यावर इगतपुरी अशी दोन ठाणी अपरिहार्य झाली. एंजिने आली म्हणजे शेड आले. शेडाबरोबर फिटर, ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले, तारमास्तर आले. ती माणसे आली म्हणजे त्यांच्या चाळी, बंगले, दवाखाना, शाळा, गिरिजाघर, मशीद, देऊळ, वाण्याचे दुकान आणि खाणावळ आली. ३७ फुटांस १ फूट या एका आकड्यातून एक सबंध गाव निपजले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

चढाच्या आराखड्यानंतर जमिनीवरचा नकाशा घ्यावा. हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याच्या क्रमांकाप्रमाणे इगतपुरी ‘४७ ई/१०’ या पत्रकात येते आणि कसारा शेजारच्या ‘४७ ई/६’ मध्ये. घाटाचा पायथा एका कागदावर आणि माथा दुसऱ्यावर असल्यामुळे दोन्ही पत्रके एकमेकांस जोडून टेबलावर पसरावी, तेव्हाच घाट सलग दिसतो. येथे आणखी एक सावधगिरी सांगून ठेवतो. नकाशाच्या तळाशी मोजणीचे वर्ष आणि छापल्याचे वर्ष अशी दोन वर्षे असू शकतात. खरे मानावे ते मोजणीचे. तीही पुसट झाली असल्यास खुणांवरून काळ ओळखता येतो. दारणा नदीवरचे धरण १९१६ साली पुरे झाले आणि त्याच्या जलाशयास इंग्रजी नकाशांत ‘लेक बील’ असे नाव पडले. ज्या नकाशात हे तळे नाही, त्याची मोजणी त्यापूर्वीची. आपल्या घरी जुन्या छायाचित्रात नथ कोणाच्या नाकात आहे आणि कडेवर कोणते मूल आहे, यावरून वर्ष ठरविण्याची जी रीत आहे, तीच ही.

मोठ्या प्रमाणावरचे महसुली गावनकाशे याहून अधिक बोलके. त्यांत गावठाण म्हणजे लहान लहान आकृत्यांचा दाट पुंजका दिसतो. वाटा वाकड्यातिकड्या, हद्दी ओढ्याप्रमाणे वळणाऱ्या. त्यालाच खेटून रेल्वेची जमीन पाहावी तो ती पट्टीने आखलेली. शेतांचे सर्व्हे नंबर रुळाच्या एका बाजूस तुटतात आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा सुरू होतात. एकच शेत दोन तुकड्यांत वाटले गेले आहे, विहीर इकडे राहिली आणि खळे तिकडे गेले, हे त्या तुटलेल्या रेषेवरून कळते. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा १८५७ चा सहावा कायदा झाल्यावर अशा जमिनींच्या याद्या आणि नुकसानभरपाईचे हिशेब रीतसर होऊ लागले. त्या याद्या नीरस वाटतात खऱ्या. पण ज्यांचे नाव दुसऱ्या कोणत्याही इतिहासात येण्याचा संभव नव्हता, असे साधे खातेदार तेथे आपल्या नावानिशी, क्षेत्रानिशी उभे आहेत.

परंतु ज्यांच्यापाशी जमीनच नव्हती त्यांचे काय? या ठिकाणी दप्तर एकाएकी मुके होते. घाटाच्या कामावर हजारो माणसे खपत होती. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर असल्याची नोंद आहे. थळ घाटावरही माणसांचा मोठा तळ पडलेला होता. सुरुंगाची भोके हातांनी पाडावयाची, कड्यावर दोराने लोंबकळत पाय ठेवण्यापुरती जागा फोडावयाची, माती-दगड डोक्यावरून वाहावयाचे. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे आणि उरलेल्या महिन्यांत पटकी व ताप यांच्या साथी तळांवर फिरत. पाट्या वाहणाऱ्यांत बायका होत्या, मुले होती. कंत्राटदारांचे मुकादम रोजंदारी चुकती करीत आणि हिशेब तेथेच मिटे.

याच संदर्भात बोरघाटातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील कामाचा मक्ता घेऊन सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ साली आला आणि थोड्याच दिवसांत येथे मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने मक्ता सोडला नाही. दोन अनुभवी इंजिनिअरांकडे देखरेख देऊन तिने तो पुढे चालविला आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. तिच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तिचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, ते करारनाम्यावर होते म्हणून. त्याच डोंगरात डोक्यावर पाटी आणि पाठीशी मूल घेऊन राबलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांनी कोणत्याही करारावर अंगठा उठविलेला नव्हता. तेव्हा जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे समजणारा संशोधक अर्धाच इतिहास लिहितो. नकाशावर बोगदा दिसला की तो कोणी खोदला हे विचारावयाचे, आणि दप्तर उत्तर देत नसेल तर वस्त्यावाड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ते मिळवावयाचे, हे त्याचे कर्तव्यच होय.

यापुढचा काळ वाचण्यास वेळापत्रके फार उपयोगी पडतात. ‘ब्रॅडशॉ’ या नावाने प्रसिद्ध असलेली जुनी पुस्तके कोणी रद्दीत घातली नसली, तर त्यांत गाडी कोणत्या स्टेशनावर किती मिनिटे थांबते एवढेच पाहावे. मोठ्या शहरास मिळणार नाहीत इतकी मिनिटे इगतपुरीस मिळत, कारण येथे एंजिन बदलावयाचे असे. या मिनिटांवर गावाचा संसार चाले. चहावाला, फळवाला, पुरीभाजीवाला, हमाल, सर्वांची कमाई त्या थांब्यात. १९३० साली कल्याण ते इगतपुरी विजेची गाडी सुरू झाली. तिच्यासाठी कंपनीने कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघर उभारले होते. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या लांबट, सांध्यांच्या विजेच्या एंजिनांस कामगार ‘खेकडा’ म्हणत. आता विजेचे एंजिन येथे सुटे आणि पुढे वाफेचे लागे. १९६० नंतरच्या दशकात इगतपुरीपासून भुसावळाकडेही वीज आली, पण ती निराळ्या जातीची होती. मुंबईकडील वीज १,५०० व्होल्टची एकदिश, तर पुढची २५,००० व्होल्टची उलटसुलट वाहणारी. म्हणून एंजिनाची अदलाबदल तशीच राहिली.

पुढे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी एंजिने निघाली, आणि २०१६ पर्यंत मुंबईकडील जुनी वीजही पालटण्याचे काम पुरे झाले. दीडशे वर्षे जी गोष्ट या गावाच्या अस्तित्वाचे कारण होती, ती अशा रीतीने हळूहळू ओसरली. घाट चढताना मागून जोडएंजिने अजून लागतात; पण प्रत्येक गाडीचे एंजिन बदलण्याची ती जुनी धांदल गेली. इगतपुरीचे नाव आता दूरदेशीचे लोक वेगळ्याच कारणाने घेतात. १९७६ साली येथील डोंगरावर धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र सुरू झाले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरीपासून खाली उतरणारा भाग खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत घाट उतरू लागल्या. बर्कलेच्या रेघेपाठोपाठ नकाशावर आणखी एक रेघ उमटली आहे. ही रेघ गावास काय देईल आणि काय नेईल, ते पुढच्या पिढीस दिसेल.

म्हणूनच जुन्या रेघेची हकीकत आताच टिपून ठेवणे अगत्याचे आहे. सरकारी दप्तरे बरीचशी सुरक्षित आहेत. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. १८८३ साली निघालेले नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर शासनाने आता घरबसल्या वाचावयास उपलब्ध करून दिले आहे. १८७२ च्या खानेसुमारीपासूनचे तक्ते ग्रंथालयांत मिळतात. महसुली कागदही संगणकावर चढत आहेत. धोका आहे तो घरांतल्या कागदांना. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे रेल्वेत कारकून, स्टेशनमास्तर, तारमास्तर किंवा गार्ड होते. अशा घरांत मुलांची जन्मस्थाने सांगताना आजी ‘थोरला भुसावळचा, मधली इगतपुरीची, धाकटा दौंडचा’ असे म्हणते, तेव्हा ती आजोबांच्या बदल्यांची यादीच सांगत असते. माळ्यावरच्या ट्रंकेत बदलीचे हुकूम, पास, पगाराच्या पावत्या, क्वार्टराच्या अंगणात काढलेले छायाचित्र, माहेरी धाडलेली पत्रे असतात. घर आवरताना अगर वाटणीच्या वेळी पहिली रद्दी निघते ती हीच.

आमची सूचना साधी आहे. येत्या सुट्टीत घरातल्या मुलांना बसवून ही ट्रंक उघडावी. प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने गाव व वर्ष लिहावे. आजीस, आत्याबाईंस विचारून छायाचित्रातल्या माणसांची नावे टिपावी. त्यांत घरच्यांबरोबर उभा असलेला सांधेवाला किंवा पाणक्या असेल, तर त्याचेही नाव विचारण्यास विसरू नये. मग सर्व्हेचा नकाशा पसरून त्या चाळी, ती विहीर, ती शाळा कोठे होती त्यावर खूण करावी. आणि ज्या घरांत ट्रंकच नव्हती, ज्यांच्या पूर्वजांनी बोगदे खोदले पण कागद ठेवले नाहीत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्याचे काम गावोगावच्या शिक्षकांनी, ग्रंथालयांनी हाती घ्यावे. इगतपुरीच्या बाबतीत हे काम अजून करता येण्यासारखे आहे; ज्यांना आठवते अशी माणसे तेथे अजून आहेत.